लॉट सत्तेचाळीस

हातोडा गिलक्रिस्टसाहेबांचा, शाई माझी.
दोघांनी मिळून एक गाव उचलायचं होतं त्या मंगळवारी,
चहाच्या वेळेच्या आत.

खाणीचं नाव व्हील टॅमसिन.
व्हील म्हणजे चाक नव्हे. कॉर्नवॉलची माणसं
खाणीलाच तसं म्हणतात, आणि पुढे एखाद्या बाईचं नाव जोडतात,
जहाजाला जोडावं तसं.
टॅमसिन कोण, ते विचारायचं राहून गेलं.
तांबं संपलं, की तांब्याचा भाव संपला?
लंडनच्या तारेत दोन्हींना मिळून एकच शब्द होता.

लॉट एक ते चौदा: जमीन, अर्ध्या अर्ध्या एकराचे तुकडे.
नकाशावर रेघा अशा, की जणू कुणी वडी पाडली.
कोपऱ्यांवरच्या खुंट्या मात्र केव्हाच चुलीत गेलेल्या.
"हद्द कुठं?" कुणीतरी विचारलं.
"कागदावर," साहेब म्हणाले. लोक हसले, आणि बोली वाढली.

लॉट पंधरा: चॅपल, बाकांसकट.
हार्मोनियम वेगळा. दोन पट्ट्या मुक्या आहेत
असं मी खरं खरं लिहिलं,
त्यात त्याचे साडेतीन शिलिंग गेले.

लॉट एकवीस: बैलगाडी, बैलांविना.
लॉट बावीस: बैल.

लॉट तेहेतीस: खाणीत उतरणाऱ्यांचे पितळी बिल्ले, नग दोनशे, एक पेटी.
जेनिफर ट्रेव्हॉरोला एकच हवा होता, अठ्ठ्याऐंशी नंबरचा.
लॉट फोडता येत नाही, साहेब म्हणाले, आवाज खाली आणून.
मग तिनं दोनशेही घेतले, चार शिलिंगांना,
आणि तिथेच धुळीत बसून
एकशे नव्याण्णव माणसं बाजूला सारत राहिली.

लॉट सत्तेचाळीस: उपशाचं इंजिन, साठ इंची सिलिंडर,
बंदरापासून नव्वद मैल बेचाळीस बैलांनी ओढत आणलेलं.
पेट्रॉक नॅनकार्विसनं पहाटे चारलाच बॉयलर पेटवला होता,
कुणाला न विचारता.
"भंगार म्हणून घ्या, नाहीतर काहीही म्हणून घ्या," तो म्हणाला,
"पण आधी चालताना बघा."

तुळई उचलली गेली. जमिनीखाली काहीतरी दीर्घ सुस्कारलं.
आणि पाणी आलं. अकरा महिन्यांच्या कोरड्या आभाळाखाली,
कोमट, हिरवट, तोंडात घेताच थुंकावं असं खारट,
तरी पोरं बादल्या घेऊन धावली
आणि बायकांनी नेसत्या झग्यांनिशी पाय बुडवले.

पाणी नकाशा न बघताच उतरलं,
लॉट तीन, सात, नऊ तिरके कापत.
न्गाजुरींपैकी एक म्हातारा, ज्याला सगळे बिली म्हणत
आणि ज्याचं खरं नाव माझ्या कुठल्याच वहीत नाही,
तो इंजिनाकडे पाठ करून उभा होता.
पाणी निघालं तसा तोही निघाला,
पाण्याच्या मागून नाही, पुढून,
वळण येण्याआधी वळत.

लॉट सातचा नवा मालक ओरडला, हे पाणी कुणाचं?
साहेबांनी यादी चाळली.
"यादीत नाही," ते म्हणाले.

बोलीला एकटा स्टोक्स उरला, टनावर भाव लावणारा.
इंजिनाचा ठोका इतका मोठा
की साहेबांना दोन ठोक्यांच्या फटीत बोलावं लागलं:
एकवार,
(ठोका)
दोनवार,
(ठोका)
तिसरा शब्द कुणालाच ऐकू आला नाही, हातोडा फक्त दिसला.

पावतीवर सही वाळेपर्यंत नॅनकार्विसनं वाफ तोडली नाही.
मग हात पुसले, आणि ते फडकं,
तेही कंपनीचंच होतं म्हणून,
घडी घालून माझ्यापुढे ठेवलं.
त्याला नंबर द्यायचा की नाही, मला कळेना. नाही दिला.

शेवटचा लॉट, साठ: कारकुनाचं टेबल, एका पायाला ठोकळा.
पाच शिलिंगांना गेलं.
नेणारे थांबले होते,
म्हणून ही ओळ मी उभ्यानं लिहिली,
वही हातावर धरून. अक्षर जरा वाकडं आहे.